अर्भकाची ऊब

बंगळूर शहर समुद्रसपाटीपासून सुमारे नऊशे मीटर उंचीवर वसले आहे. तेथील हवा वर्षभर सुखद असते, अशी त्या शहराची ख्याती आहे. डिसेंबर-जानेवारीच्या रात्री तेथील पारा १५-१६ अंश सेल्सिअसपर्यंत उतरतो आणि माणसे अंगावर शाल ओढून निजतात. याहून अधिक बंदोबस्ताची गरज प्रौढ माणसाला भासत नाही. परंतु त्याच शहरात, त्याच रात्री जन्मलेल्या अर्भकाला ही हवा अगदी निराळी भासते. मातेच्या उदरात ते सुमारे ३७.५ अंशांच्या उबेत, म्हणजे मातेच्या शरीराहूनही किंचित अधिक उष्ण अशा द्रवात, वाढलेले असते. जन्माच्या क्षणी ते ओल्या अंगाने एकाएकी खोलीतील हवेत येते. जागतिक आरोग्य संघटनेने १९९७ साली प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शिकेत या अवस्थेची एक तुलना दिली आहे. उघड्या अर्भकाला २३ अंशांच्या खोलीत जितका उष्णताऱ्हास सोसावा लागतो, तो उघड्या प्रौढ माणसाला शून्य अंशात सोसाव्या लागणाऱ्या ऱ्हासाइतका असतो. ज्या खोलीत सुईण, डॉक्टर आणि आप्तेष्ट आरामात वावरत असतात, तीच खोली नवजात जीवाला बर्फासारखी थंड असते.

नवजात अर्भकाच्या मृत्यूची कारणे सांगताना जंतुसंसर्ग, श्वासावरोध आणि अपुरी वाढ यांची नावे प्रथम येतात. थंडीचे नाव सहसा येत नाही. याचे कारण असे की, थंडी क्वचितच एकटी मारते. ती इतर कारणांना वाट करून देते. यास्तव अर्भकाची ऊब कशी जाते, ती कशी राखता येते आणि त्यासाठी बंगळूरमध्ये व अन्यत्र कोणते प्रयत्न झाले, हे जाणून घेणे प्रत्येक कुटुंबास उपयुक्त ठरेल.

उष्णता कशी जाते?

कोणत्याही तापलेल्या वस्तूची उष्णता चार वाटांनी बाहेर पडते. अर्भकही या नियमाला अपवाद नाही. पहिली वाट बाष्पीभवनाची. अंगावरील ओल वाळताना शरीरातील उष्णता घेऊन जाते. एक ग्रॅम पाण्याची वाफ होण्यास सुमारे ५८० कॅलरी उष्णता लागते. तीन किलो वजनाच्या बाळाच्या अंगावरील केवळ दहा ग्रॅम पाणी वाळले आणि त्यासाठी लागणारी सर्व उष्णता त्याच्याच शरीरातून गेली, तर त्याचे तापमान सुमारे दोन अंशांनी उतरेल, असे साध्या गणिताने काढता येते. जन्मलेले बाळ न पुसता उघडे ठेवल्यास पहिल्या दहा ते वीस मिनिटांतच त्याचे तापमान दोन ते चार अंशांनी घसरू शकते.

दुसरी वाट वहनाची. थंड तराजू, थंड फरशी किंवा गार चादर यांना बाळाचे अंग टेकले की उष्णता त्यांच्यात उतरते. तिसरी वाट संवहनाची. दाराखिडकीतून येणारी झुळूक किंवा डोक्यावर फिरणारा पंखा अंगाभोवतीची उबदार हवा वाहून नेतो. चौथी वाट प्रारणाची. ही मोठी फसवी असते. जवळची भिंत किंवा खिडकीची काच थंड असेल, तर तिला स्पर्श न होताही बाळाच्या अंगातून तिच्याकडे उष्णता सतत जात राहते. खोलीतील हवा उबदार असूनही बाळ गार का पडले, या कोड्याचे उत्तर पुष्कळदा या चौथ्या वाटेत सापडते.

प्रौढ माणसालाही याच चार वाटा लागू आहेत. मग अर्भकच इतके असहाय का? याचे उत्तर भूमितीत आहे. साठ किलो वजनाच्या माणसाच्या त्वचेचे क्षेत्रफळ सुमारे १.६ चौरस मीटर असते, तर तीन किलोच्या अर्भकाचे सुमारे ०.२ चौरस मीटर. म्हणजे दर किलो वजनामागे अर्भकाची त्वचा प्रौढाच्या अडीचपट भरते. उष्णता निर्माण होते ती शरीराच्या वस्तुमानात आणि जाते ती पृष्ठभागातून. मोठ्या हंड्यातील पाणी बराच वेळ कढत राहते, पण वाटीतील लवकर निवते, त्याचे कारणही हेच. त्यातही अर्भकाचे डोके शरीराच्या मानाने फार मोठे असते. आपल्याकडील आज्या बाळाला आधी कुंची घालतात, त्यामागे हे शास्त्र दडलेले आहे.

शरीरातील शेगडी

थंडी वाजली की प्रौढ माणूस कुडकुडतो. स्नायूंच्या या थरथरीने उष्णता निर्माण होते. नवजात अर्भकाला अशा रीतीने कुडकुडता येत नाही. त्याऐवजी निसर्गाने त्याला एक वेगळी शेगडी दिली आहे. मानेभोवती, दोन्ही खांद्यांच्या फऱ्यांमध्ये आणि मूत्रपिंडांच्या आसपास तपकिरी रंगाच्या मेदाचे थर असतात. थंडीची जाणीव होताच हा मेद जळू लागतो आणि त्याची ऊब रक्तावाटे सर्व शरीरात पसरते.

परंतु या शेगडीला इंधन लागते आणि वाराही लागतो. तपकिरी मेद जळताना शरीरातील प्राणवायू आणि शर्करा यांचा मोठा व्यय होतो. बाळ फार वेळ गार राहिले की रक्तातील शर्करा घटते, श्वास कष्टाचा होतो, रक्तात आम्लता वाढते आणि बाळ मलूल पडते. मलूल बाळ स्तनाला तोंड लावीत नाही. दूध न मिळाल्याने इंधन आणखी कमी होते आणि ते अधिकच गार पडते. हे दुष्टचक्र वेळीच तोडले नाही, तर किरकोळ वाटणाऱ्या जंतुसंसर्गापुढेही ते टिकाव धरू शकत नाही.

अपुऱ्या दिवसांच्या बाळाची स्थिती याहून बिकट असते. तपकिरी मेदाचा साठा गर्भारपणाच्या शेवटच्या महिन्यांत वाढतो. जे बाळ त्यापूर्वीच जन्मते त्याची शेगडी जवळजवळ रिकामी असते. जन्मवेळी अडीच किलोपेक्षा कमी वजन भरणाऱ्या बाळास कमी वजनाचे बाळ म्हणतात. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार, भारतात ज्या बालकांच्या जन्मवजनाची नोंद मिळाली, त्यांत अशी बालके शेकडा सुमारे १८ होती. उबेचा प्रश्न थोड्या घरांपुरता नाही, हे या आकड्यावरून ध्यानात येईल.

काचेच्या पेटीचा इतिहास

अर्भकाला यंत्राने ऊब देण्याची कल्पना पॅरिसमध्ये रुजली. तेथील प्रसूतितज्ज्ञ स्तेफान टार्निए यांनी एका प्राणिसंग्रहालयात कोंबडीची अंडी उबवण्याचे यंत्र पाहिले आणि तशीच पेटी अर्भकांसाठी करवून घेतली. १८८० साली ती प्रसूतिगृहात बसविण्यात आली. पेटीच्या तळाशी गरम पाण्याचा साठा असे आणि वरच्या कप्प्यात बाळे निजत. दोन किलोहून कमी वजनाच्या बाळांचा मृत्यू पूर्वी शेकडा ६६ होता; तो या पेटीमुळे ३८ वर आला. ज्या पेटीला रुग्णालयात इन्क्युबेटर आणि घराघरांत काचेची पेटी म्हणतात, तिचा हा पूर्वज होय.

पेटीतील तापमान नेमके किती असावे, यावर पुढे बराच काळ मतभेद होते. १९५८ साली न्यूयॉर्क येथील विल्यम सिल्व्हरमन व त्यांच्या सहकाऱ्यांनी हा प्रश्न प्रयोगाने सोडविला. अपुऱ्या दिवसांच्या बाळांपैकी काहींना त्यांनी सुमारे २९ अंशांच्या पेटीत ठेवले आणि काहींना सुमारे ३२ अंशांच्या. अवघ्या तीन अंशांच्या या फरकामुळे उबदार पेटीतील बाळांपैकी शेकडा सुमारे १५ अधिक बाळे जगली. ना नवे औषध, ना शस्त्रक्रिया, केवळ ऊब. ऊब ही उपचाराच्या तोडीची गोष्ट आहे, हे या प्रयोगाने सिद्ध झाले.

तथापि काचेच्या पेटीचे दोष हळूहळू दिसू लागले. ती महाग असते, तिला अखंड वीज लागते आणि ती चालविण्यास शिकलेल्या परिचारिका लागतात. आणखी एक दोष टार्निए यांचे शिष्य पिएर ब्यूदँ यांनी फार पूर्वीच हेरला होता. पेटी बाळाला आईपासून दूर करते आणि दुरावलेल्या आईचे दूधही आटते व मायाही पातळ होते.

बंगळूरमधील तीन साधने

या दोषांवर उतारा शोधण्याचे काम एकविसाव्या शतकात बंगळूरमध्ये विशेष जोमाने झाले. शास्त्रसंस्था आणि वैद्यकीय उपकरणांचे कारखाने एकाच शहरात असल्याने अशा कामाला ते सोयीचे ठरले. तेथे तीन निरनिराळी साधने घडली आणि त्या तिन्हींनी एकाच प्रश्नाच्या तीन बाजू हाताळल्या.

पहिले साधन रुग्णालयासाठी होते. जी.ई. कंपनीच्या बंगळूर येथील अभियंत्यांनी ‘लल्लाबाय’ नावाचा उबदार पाळणा तयार केला आणि तो २००९ साली बाजारात आला. यात बाळ उघड्या गादीवर निजते आणि वरून तापलेल्या दांड्यातून त्याच्यावर प्रारणाची ऊब पडते. परदेशी पाळण्यांपेक्षा हा बराच स्वस्त होता. लहान रुग्णालयांतील कर्मचाऱ्यांना समजावा म्हणून त्यावर अक्षरांऐवजी चित्रखुणा देण्यावर भर होता. परंतु त्यालाही वीज लागणारच.

दुसरे साधन जेथे वीज भरवशाची नाही अशा ठिकाणांसाठी होते. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या एका अभ्यासवर्गात २००७ साली विद्यार्थ्यांसमोर स्वस्त उबवणी पेटीचे कोडे ठेवण्यात आले. त्यांच्या ध्यानात आले की, मोठ्या शहरांच्या रुग्णालयांत पेट्या असतात, परंतु बहुसंख्य बाळे तेथवर पोहोचण्यापूर्वीच गार पडतात. जेन चेन, राहुल पणिक्कर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यावर ‘एम्ब्रेस’ नावाची लहान झोळी तयार केली आणि काम पुढे नेण्यासाठी बंगळूरला मुक्काम हलविला. ही झोळी २०११ साली वापरात आली. तिच्या तळाशी मेणासारख्या पदार्थाची पिशवी असते. बर्फ वितळताना त्याचे तापमान शून्य अंशावरच स्थिर राहते; त्याचप्रमाणे हा पदार्थ वितळताना व थिजताना सुमारे ३७ अंशांवर स्थिर राहतो. एकदा तापवून वितळविला की तो थिजत जाताना आपली सुप्त उष्णता काही तास सावकाश सोडीत राहतो. पदार्थविज्ञानाच्या पाठ्यपुस्तकातील एक धडा येथे बाळाचे अंथरूण झाला आहे.

तिसरे साधन ऊब देत नाही. ती गेल्याची वर्दी देते. रतुल नारायण यांनी बंगळूरमध्ये स्थापन केलेल्या ‘बेम्पू’ या संस्थेने बाळाच्या मनगटात घालण्याचे एक कडे तयार केले. बाळाचे तापमान ठीक असेल तोवर त्यावरील निळा दिवा लुकलुकतो. ते घसरले की दिवा नारिंगी होतो आणि कडे आवाज करू लागते. रुग्णालयातून घरी गेलेल्या कमी वजनाच्या बाळावर अष्टौप्रहर लक्ष ठेवणारी परिचारिका कोणत्याही घरात नसते. ती उणीव हे कडे भरून काढते. आवाज होताच आईने काय करावे? बाळाला छातीशी घ्यावे, हेच उत्तर तिला शिकविलेले असते. नवीनातील नवीन साधनाने अखेर सर्वांत जुन्या उपायाकडे बोट दाखवावे, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे.

मातेची छाती

हा जुना उपाय शास्त्राच्या पदवीस पोहोचला तो टंचाईतून. १९७८ साली कोलंबिया देशातील बोगोटा शहरातील प्रसूतिरुग्णालयात पेट्या अपुऱ्या पडत. एकेका पेटीत दोन-तीन बाळे ठेवावी लागत आणि एकाचा संसर्ग दुसऱ्याला होई. तेव्हा एदगार रे सानाब्रिया या डॉक्टरांनी कमी वजनाची बाळे मातांच्या उघड्या छातीवर उभी बांधून ठेवण्यास प्रारंभ केला. हेक्तोर मार्तिनेझ यांनी हे काम पुढे नेले. कांगारूची मादी पिलाला पोटाच्या पिशवीत वाढविते, त्यावरून या पद्धतीस ‘कांगारू मदर केअर’ असे नाव पडले आणि आपल्या रुग्णालयांतही ते तसेच रूढ झाले.

या पद्धतीत बाळाला केवळ टोपडे, लंगोट आणि पायमोजे घालतात. त्याला आईच्या दोन्ही स्तनांच्या मध्ये उभे धरून त्याचे पोट तिच्या अंगाला टेकवितात. पाय बेडकासारखे दुमडलेले असतात. डोके एका कुशीला वळविलेले आणि किंचित वर असते, म्हणजे श्वास मोकळा राहतो. वरून लुगड्याचा किंवा रुंद कापडाचा वेढा देतात. उष्णता जाण्याच्या चारही वाटा यामुळे एकाच वेळी अडविल्या जातात. शिवाय दूध तोंडाशी असते. आई थकली तर वडील, आजी किंवा मावशी यांनीही बाळाला असेच छातीशी घ्यावे. पुरुषाच्या अंगची ऊब काही कमी नसते.

पूर्वी समज असा होता की, बाळाची प्रकृती स्थिरावल्यावरच हा उपाय सुरू करावा, तोवर त्याला पेटीत ठेवावे. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीने हा समज पालटला. घाना, भारत, मलावी, नायजेरिया आणि टांझानिया या पाच देशांतील रुग्णालयांत ती घेण्यात आली. भारतातील केंद्र दिल्लीचे सफदरजंग रुग्णालय हे होते. एक किलो ते १.७९९ किलो वजनाची ३२११ बाळे तिच्यात होती. ज्यांना जन्मानंतर लगेच आईच्या छातीवर घेतले, त्यांच्यातील २८ दिवसांतील मृत्यू शेकडा १२ होते; ज्यांना प्रकृती स्थिरावेपर्यंत थांबविले, त्यांच्यात ते शेकडा १५.७ होते. फरक इतका स्पष्ट होता की चाचणी मुदतीपूर्वीच थांबविण्यात आली. २०२२ साली जागतिक आरोग्य संघटनेने या उपायाची शिफारस केली. ज्याला स्वतः श्वास घेता येत नाही किंवा ज्याचे रक्ताभिसरण ढासळले आहे असे अत्यवस्थ बाळ वगळता, कमी वजनाच्या अथवा अपुऱ्या दिवसांच्या प्रत्येक बाळाला जन्मानंतर शक्य तितक्या लवकर छातीशी घ्यावे आणि दिवसातील आठ ते चोवीस तास तेथेच ठेवावे, असे तिने सांगितले.

मोठ्या रुग्णालयात जे साधते, ते जिल्ह्याजिल्ह्यांत साधेल काय? याचा शोध बंगळूरच्या सेंट जॉन्स संशोधन संस्थेने उत्तर कर्नाटकातील कोप्पळ जिल्ह्यात सरकारी आरोग्यखात्याच्या सहकार्याने घेतला. दोन किलोहून कमी वजनाच्या बाळांसाठी आईचा पलंग आणि बाळाचा कक्ष एकत्र आणणे, परिचारिकांना शिकविणे आणि घरी गेल्यावरही पाठपुरावा ठेवणे, असा तो क्रम होता. अशाच प्रकारचे काम हरियाणात आणि इथिओपियातही झाले. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या अहवालानुसार निम्म्याहून अधिक बाळांना रुग्णालयातून निघतेवेळी दिवसाचे किमान आठ तास छातीची ऊब आणि निव्वळ आईचे दूध मिळत होते.

गडचिरोलीचा धडा

रुग्णालयातून बाहेर पडलेले बाळ अखेर घरी येते आणि पहिल्या महिन्याचा बराचसा काळ घरातच काढते. त्या घरापर्यंत शास्त्र कसे पोहोचवावे, याचा धडा महाराष्ट्रानेच देशाला दिला आहे. डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने गडचिरोली जिल्ह्यातील ३९ खेड्यांत १९९५ पासून गावातीलच अल्पशिक्षित स्त्रियांना नवजात बाळाची देखभाल शिकविली. या आरोग्यदूत घरोघर जाऊन बाळाचे वजन करीत, तापमान घेत, श्वास मोजीत, बाळाला उबदार ठेवण्यास शिकवीत आणि संसर्गाची लक्षणे दिसताच उपचार करीत. शेजारच्या ४७ खेड्यांशी तुलना करता तिसऱ्या वर्षी नवजात मृत्यूंचे प्रमाण सुमारे ६२ टक्क्यांनी घटल्याचे दिसून आले. हा अहवाल १९९९ साली प्रसिद्ध झाला. २०११ साली याच धर्तीवर राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. रुग्णालयात जन्मलेल्या बाळाकडे आशा कार्यकर्ती ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी जाते. घरी जन्मलेल्या बाळाकडे ती पहिल्या दिवशीही जाते.

घरी काय करावे?

प्रसूतीची खोली किमान २५ अंश उबदार असावी व तीत वारा येऊ नये. बाळ जन्मताच कोरड्या कापडाने पुसावे, ओले कापड दूर करावे आणि बाळ आईच्या उघड्या छातीवर ठेवून वरून दुपटे घालावे. पहिल्या तासातच स्तनपान सुरू करावे. अंगावरील पांढरा लेप घासून काढू नये. तो त्वचेचे रक्षण करतो. पहिली अंघोळ किमान चोवीस तास पुढे ढकलावी. बाळ कमी वजनाचे असेल, तर डॉक्टर सांगेपर्यंत अंघोळ घालू नये. कोमट ओल्या कापडाने अंग पुसून लगेच कोरडे करावे.

तापमापक हाती नसेल, तर हाताच्या पाठीने बाळाचे पोट आणि तळपाय चाचपून पाहावे. दोन्ही उबदार असतील तर सारे ठीक आहे. पोट उबदार पण तळपाय गार असतील, तर बाळाला थंडी बाधू लागली आहे. त्यास तत्काळ छातीशी घ्यावे. दोन्ही गार असतील, तर धोका मोठा आहे. बाळाला छातीशी बांधूनच रुग्णालय गाठावे. तापमापकाने पाहता ३६.५ ते ३७.५ अंश हे योग्य तापमान होय.

उबेच्या काही जुन्या रीती मात्र सोडून द्याव्यात. बाळंतिणीच्या बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवण्याची चाल पुष्कळ ठिकाणी आहे. अर्धवट जळालेल्या कोळशातून निघणाऱ्या विषारी वायूला रंगही नसतो व वासही नसतो. तो माय-लेकरांचा झोपेतच घात करू शकतो. धुरी व धुराने बाळाच्या श्वासनलिकेस अपाय होतो. गरम पाण्याची पिशवी बाळाच्या अंगाशी ठेवल्यास नाजूक त्वचा भाजते. उलटपक्षी, विदर्भातील वैशाखात बाळाला चार दुपट्यांत गुंडाळल्याने त्याचे अंग तापते आणि घरचे लोक तो ताप समजतात. ऋतू पाहून वस्त्र घालावे. प्रौढाने जितके घातले असेल त्याहून एक थर अधिक, इतके साधारणपणे पुरते.

बाळ दूध ओढीत नसेल, मलूल असेल, मिनिटाला साठ किंवा अधिक श्वास घेत असेल, श्वास घेताना त्याची छाती आत ओढली जात असेल, त्यास झटके येत असतील, तळहात-तळपाय पिवळे दिसत असतील, किंवा उबदार करूनही त्याचे अंग गारच राहत असेल, तर घरगुती उपायांत वेळ दवडू नये.

२०२० साली भारतात जन्मलेल्या दर हजार बालकांपैकी सुमारे २० बालके पहिल्या महिन्यातच दगावली. हे सारेच मृत्यू थंडीने झाले असे नाही आणि ऊब हा सर्व रोगांवरील उतारा नव्हे. तथापि इतर सर्व उपचार लागू पडण्यास बाळ उबदार असावे लागते. पाळणा, झोळी आणि कडे यांचे मोल त्यांच्या जागी आहेच. जेथे आई स्वतःच अत्यवस्थ असते, तेथे ती प्राणरक्षक ठरतात. परंतु जे साधन विकत घ्यावे लागत नाही, ज्यास वीज लागत नाही आणि जे प्रत्येक बाळाबरोबरच प्रसूतिगृहात येते, ते आईची छाती हेच आहे. तिचा उपयोग बाळाला पहिल्या तासापासून करू द्यावा, इतकेच इतरांनी पाहावयाचे असते.